रेणूची पेटी आणि दुर्गाबाईंची तिन्हीसांज

मंठ्याच्या बाजारपेठेत खताच्या एका दुकानावर जी खोली आहे, तिच्यातला एसी माणसांसाठी लावलेला नाही. खोलीत लोखंडी कपाट आहे, कपाटात वायरींचा गुंता आहे आणि सगळ्यात खाली, दोन विटांवर ठेवलेली, एक काळी पेटी आहे. एसी तिच्यासाठी. उन्हाळ्यात आसराबाई दुपारचं जेवण झालं की इथं येऊन आडव्या होतात. सून त्यांना उठवत नाही. सासूच्या घोरण्यानं पेटीचं काही बिघडत नाही, हे तिनं बघून ठेवलं आहे.

सून म्हणजे रेणू. वय तेहतीस. नवरा अंगद पूर्वी नुसता केबलवाला होता, आता नेटवालाही आहे. काम तेच राहिलं: खांबावर चढायचं, वायर ओढायची आणि खाली उतरेपर्यंत लोकांचं ऐकून घ्यायचं. मंठा आणि भोवतालच्या वस्त्या मिळून त्याच्या काही शे जोडण्या आहेत. खांबावरचं सगळं अंगदचं आणि कपाटातलं सगळं रेणूचं, ही वाटणी कुणी ठरवली नाही. लग्नानंतर ती होत गेली.

रेणूचे वडील रामराव मेंढपाळ. ती सहावीत असताना त्यांनी मेंढरं विकली आणि एका जागी बसून शेती करायची ठरवली. एका जागी बसणं त्यांना अजून नीट जमलेलं नाही, पण त्या निर्णयामुळे मुलीची शाळा मात्र एका जागी झाली. पुढं ती बदनापूरला मावशीकडे राहिली, तिथून रेल्वेनं जालन्याला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागली. हुद्दा सिस्टीम असिस्टंटचा होता. काम मोठ्या साहेबांच्या प्रिंटरचं होतं. प्रिंटर चालत नाही असं साहेब म्हणाले की वर जायचं आणि कागद भरून खाली यायचं. लग्न ठरलं तेव्हा तिला नोकरी सोडायचं वाईट वाटलं का, असं विचारल्यावर ती म्हणते, "प्रिंटरला वाटलं असंल."

पेटी तिनं मंठ्याला आल्यावर उभी केली. जुना कॉम्प्युटर होता, त्यात जास्तीची मेमरी घातली आणि बाकीचं रात्रंदिवस वाचून केलं. हिला डीएनएस सर्व्हर म्हणतात. फोनवर कुणी एखाद्या बँकेचं किंवा बातम्यांचं पान उघडलं की फोनला त्या पानाचं नाव कळतं, ठिकाण कळत नाही. इंटरनेटवर ठिकाणं आकड्यांत असतात. तेव्हा फोन आधी पेटीला विचारतो, हे नाव कुठं राहतं? पेटीला ठाऊक असेल तर ती लगेच सांगते. नसेल तर ती स्वतः दारोदार विचारत जाते, उत्तर घेऊन येते आणि पुढच्या माणसासाठी लक्षात ठेवते. आसराबाईंना हे एकदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग ही आपली नंदाबाईच झाली की. गावात कुणाचं घर कुठं, ते तिलाच ठावं." रेणूला त्यात फक्त एक दुरुस्ती सुचली. नंदाबाई पत्ता सांगताना त्या घरातली सगळी हकीकतही सांगतात, पेटी सांगत नाही.

अंगदला मात्र ही पेटी पहिल्यापासून पटलेली नव्हती. जगात मोठ्या कंपन्यांचे असे सर्व्हर फुकट वापरायला मिळतात. जोडणीत त्यांचा आकडा टाकला की झालं. रेणूचं म्हणणं असं की ते सर्व्हर लांब, आणि जालन्याकडची लाइन संध्याकाळी तुंबली की साधा पत्ता विचारायलाही तुंबलेल्या रस्त्यानंच जावं लागतं. आपली पेटी मंठ्यातच आहे, आणि लोक विचारतात त्यातलं बरंचसं तिला पाठ असतं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. अशा वेळी घरात जे चालू असतं तेच चालू राहतं, म्हणून पेटी चालू राहिली.

मग दिवाळीनंतर कीड आली.

गावात दुकानांवर कॅमेरे लावायची लाट आली होती. त्यातल्या स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांत बाहेरून कुणीतरी घुसलं, आणि ते कॅमेरे पेटीला नावं विचारू लागले. नावं अशी की जगात अस्तित्वातच नाहीत, आणि दर वेळी नवी. नाव ठाऊक नसल्यामुळे पेटी प्रत्येकासाठी दारोदार हिंडली आणि रिकाम्या हातानं परत आली. सेकंदाला हजारो वेळा. दुपारपर्यंत तिनं मान टाकली. नेट होतं, पण कुणालाच काही उघडेना. अख्ख्या मंठ्यानं अंगदला फोन केला. जे ग्राहक नव्हते त्यांनीही केला, अशी त्याची तक्रार आहे.

रेणूनं कॅमेरे शोधून तोडले आणि पेटीला लिमिट लावली. प्रत्येक जोडणीला पेटीकडे एक पत्ता असतो. त्या पत्त्यावरून सेकंदाला वीस विचारणा. त्याहून जास्त झाल्या की पेटी त्या पत्त्याला उत्तरच देणार नाही, आणि विचारणारा थंड होईपर्यंत गप्प राहील. घरात चार-पाच फोन, एखादा टीव्ही. वीस पुष्कळ झाले.

अंगद त्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, "पुन्हा असा दिवस आला तर मी तुझी पेटी बंद करून फुकटवाली लावणार. सांगून ठेवतो."

"आणि न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर न्हाई. पण तक्रार आली तरी तोच हिशेब. लोकांना पेटी नको, नेट पाहिजे."

यात रेणूचं काय जाणार होतं, हे बाहेरच्या माणसाला कदाचित लक्षात येणार नाही. जोडणी अंगदच्या नावावर, धंदा अंगदच्या नावावर, गावात ओळख "नेटवाल्याची बायको" अशी. पेटी गेली असती तर कपाटात तिच्याजोगं काही उरलं नसतं. राउटरचे दिवे हिरवे आहेत की लाल, हे आसराबाईंनाही बघता येतं.

तक्रार आठवड्याभरातच आली. जिंतूर रस्त्याला, मंठ्याबाहेर थोरली वस्ती म्हणून एक वस्ती आहे. एकाच भावकीची घरं, भोवती तूर आणि हरभरा. तिथं एकच जोडणी होती, दुर्गाबाईंच्या घरी. दुर्गाबाईंचा मुलगा कल्याण फोनवर होता.

"अंगदभाऊ, सांजच्याला नेट जातं. डबीवर दिवे लागतेत, पण काही उघडतच न्हाई."

"राउटर बंद करून चालू कर."

"तेच तं करून राह्यलो. मंग अजूनच जातं."

रेणूनं आकडे बघितले. थोरल्या वस्तीचा पत्ता रोज संध्याकाळी लिमिटवर आपटत होता आणि पेटी त्याला गप्प करत होती. तिनं विसाचे चाळीस केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणचा फोन. चाळिसाचे ऐंशी केले. तिसऱ्या दिवशी फोन कल्याणचा नव्हता, कल्याणच्या चुलत भावाचा होता, आणि तो कल्याणइतका सभ्य नव्हता.

"एका घरातून सेकंदाला ऐंशीच्या वर?" अंगद म्हणाला. "काय खातेत का नेट? सरळ आहे. तिथंबी कीड लागली. तोडून टाक."

"कॅमेरा न्हाई त्यांच्याकडं."

"मंग टीव्हीला लागली असंल. हे बघ, लिमिट वाढवत गेलीस तर कीड खुशाल आत येती. न्हाई वाढवली तर माझा फोन वाजतो. मंग पेटी कशाला पाहिजे? सोमवारी फुकटवाली लावू. बघू दे तरी."

हा युक्तिवाद रेणूला खोडता आला नाही. लिमिट म्हणजे मेंढरांच्या वाड्याचं फाटक. अरुंद ठेवलं तर मेंढरं चेंगरतात, रुंद ठेवलं तर लांडगाही सुखानं आत येतो. तिनं वडिलांना फोन करून विचारलं, फाटक नेमकं किती रुंद ठेवायचं? रामराव म्हणाले, फाटकापाशी कुत्रं बांधायचं. याचा पेटीत कसा उपयोग करायचा, ते तिला सापडलं नाही.

सोमवार चार दिवसांवर होता. आतापर्यंत ती फक्त अडवलेल्या विचारणा मोजत होती. त्या दिवशी तिनं थोरल्या वस्तीच्या अख्ख्या आठवड्याची रेघ काढली. दिवसभर रेघ वरखाली होत होती, तीही एका घराच्या मानानं भलतीच उंच. मग संध्याकाळी ती एकदम शून्यावर. अर्धा तास काहीच नाही, एकही विचारणा नाही. त्यानंतर भिंतीसारखी सरळ वर. रोज असंच. आणि शून्यावर जायची वेळ सूर्यास्ताच्या आसपासची होती. कॅलेंडरच्या मागच्या पानाशी तिनं ती ताडून बघितली. दोन-चार मिनिटांचा फरक सोडला तर जुळत होती.

आसराबाई खोलीत जाग्या होत्या. रेणूनं त्यांना स्क्रीन दाखवला. "आत्या, हे बघा. रोज दिवेलागणीला बंद पडतं आणि थोड्या वेळानं चालू होतं."

आसराबाईंना रेघ कळली नाही, पण वेळ कळली. "मंग माणसंच हायेत ती," त्या म्हणाल्या. "किडीला कुठली आली तिन्हीसांज?"

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत रेणू स्कूटी घेऊन थोरल्या वस्तीवर गेली. दुर्गाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वय सत्तरीच्या पुढं, एक गुडघा दुखरा, आवाज खणखणीत. ओट्यावर पाच-सहा पोरी-पोरं फोन घेऊन बसली होती. शेजारच्या पत्र्यावर एक छोटा अँटेना होता. त्याच्या पलीकडच्या पत्र्यावर आणखी एक. रेणूनं नजर फिरवली तसे पुढचेही दिसत गेले.

"मावशी, हे कुणाचे?"

"कल्याणनं बसवलेत. तिकडं पोचत नव्हतं ना. पार साहेबरावच्या गोठ्यापर्यंत आता बराबर येतं."

"किती घरांत चालतंय तुमचं वायफाय?"

"किती म्हंजी? समद्यांच्या." दुर्गाबाईंना प्रश्नच कळला नव्हता. "मागितलं तं न्हाई कसं म्हणायचं? तू आजवर कुणाला विरजण न्हाई म्हणली का?"

"विरजणाचं वेगळं असतं, मावशी."

"काय वेगळं असतं? चमचाभर दिलं म्हणून आपलं दही कमी होतं का? पासवर्ड सांगितला म्हणून माझं काय कमी झालं?"

जे कमी होत होतं ते रेणूच्या बाजूला कमी होत होतं. तिनं मुद्द्याचं विचारलं. संध्याकाळी नेट बंद कोण करतं?

"मीच करते की. तिन्हीसांजेला घरातलं काही बाहेर जाऊ देत न्हाईत. दूध न्हाई, मीठ न्हाई, सुई न्हाई, विरजण न्हाई. मंग हे कसं देऊ? दिवा लावायच्या आधी बंद करते. दिवा शांत झाला की चालू करते."

"आणि ही सगळी पोरं?"

"बसतेत गुमान. कुठं जातेत?"

दुर्गाबाईंची नात आकांक्षा ओट्यावरून म्हणाली, "गुमान न्हाई बसत, आज्जी. तू चालू करायची वाट बघत बसतो." आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं.

तेवढ्यात ऊन पत्र्यांवरून गेलं. दुर्गाबाईंनी सोललेल्या शेंगांची टोपली आत ठेवली, देवळीशेजारच्या फळीखाली स्टूल ओढलं, दुखरा गुडघा आधी वर घेतला, मग चांगला, आणि राउटरचं बटण बंद केलं. ओट्यावर एक उसासा पसरला. त्यांनी तुळशीपाशी दिवा लावला, मग देवापुढं. बाया दारात आल्या, हात जोडून गेल्या. कुणी कुणाला काही मागितलं नाही. दिव्यातलं तेल संपत आलं तशी ओट्यावरची गर्दी वाढली. इतर घरांतली माणसंही आपापल्या दारात फोन धरून उभी राहिली. दिवा शांत झाला. दुर्गाबाई पुन्हा स्टुलावर चढल्या.

बटण दाबल्याबरोबर वस्तीतला प्रत्येक फोन एकदम जागा झाला. अर्धा तास उपाशी असलेला फोन एक गोष्ट विचारत नाही. निरोप, व्हिडिओ, बातम्या, हवामान, कधीकाळी टाकलेला पत्त्यांचा खेळ, सगळे आपापले पत्ते एकाच वेळी विचारतात. रेणूच्या हातातल्या मोबाईलवर पेटीचे आकडे दिसत होते. ऐंशीची लिमिट पहिल्याच सेकंदात संपली. पेटी गप्प झाली. ज्याला उत्तर मिळत नाही तो पुन्हा विचारतो, म्हणून सगळे फोन पुन्हा विचारू लागले. पुन्हा विचारलं म्हणून पेटी आणखी गप्प. कल्याणनं येऊन राउटर बंद-चालू केला, आणि सगळं पहिल्यापासून.

"बघ," दुर्गाबाई म्हणाल्या. "रोजचं हाये. मला वाटलं, मी बंद करते त्याचा राग येत असंल."

"कुणाला?"

"मशीनला. आणि कुणाला?"

रेणूला आता रोग कळला होता, पण तो सांगताना तिच्याकडून एक चूक झाली. ती म्हणाली, "मावशी, सगळे एकदम आले की मावत न्हाईत. थोडे थोडे आले पाहिजेत." पेटीत काय बदलायचं याचा तिच्या डोक्यात हिशेब चालू होता, आणि हे वाक्य तिनं तेवढ्यापुरतं टाकलं होतं. पण ते वाक्य शेतकऱ्यांच्या वस्तीवर पडलं होतं.

थोरल्या वस्तीची विहीर एक आहे आणि वाटेकरी पुष्कळ आहेत. पाणी एकदम सगळ्यांना पुरत नाही म्हणून तिथं पिढ्यान्‌पिढ्या पाळ्या आहेत. कुणाची पाळी कधी, कुणी कुणाला बदली दिली, हे बायकापोरांनाही तोंडपाठ. रेणूची स्कूटी डांबरी रस्त्याला लागली नसेल तोच कल्याणनं भावकी बोलावली आणि वायफायच्या पाळ्या लावल्या. एका वेळी एक घर, प्रत्येकाला तासभर. पाळी संपली की कल्याण पासवर्ड बदलणार आणि पुढच्या घराला सांगणार. कुणी म्हणालं, दूध काढायच्या वेळची पाळी मला नको. कुणी म्हणालं, तुझी मी घेतो, उद्याची माझी तू घे. विहिरीवर होतं तेवढं भांडण झालं आणि विहिरीवर मिटतं तसं मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंमल सुरू.

परिणाम असा झाला की आधी वस्ती दिवसातून एकदा उपाशी उठत होती, आता दर तासाला एक घर उपाशी उठू लागलं. त्या घराचे सगळे फोन दिवसभराची भूक घेऊन एका क्षणी आत शिरायचे, लिमिटवर आपटायचे आणि पेटी गप्प व्हायची. घराची पाळी गप्प बसण्यातच जायची. पुढचं घर यायचं, त्याचंही तेच.

अंगदचा फोन दर तासाला वाजू लागला. चौथ्या फोनला तो खांबावर होता. उतरला तो थेट खोलीत आला.

"रोज एक तक्रार यायची. तू जाऊन आलीस आणि आता तासाला एक यायली. काय करून आलीस तू तिथं?"

"मी काही न्हाई केलं. त्यांनी पाळ्या लावल्या."

"कशाच्या?"

रेणूनं सांगितलं. अंगद खुर्चीवर बसला. त्याला हसू येत होतं, पण रागावल्यावर हसायचं नाही हा त्याचा नियम आहे. तो म्हणाला, "आणि एका जोडणीवर अख्खी वस्ती. हे मला आता कळून राह्यलं. प्रत्येकाला वेगळी जोडणी घ्यायला लावू."

"लावा की. वायर ओढायला वर्ष जाईल तुमचं. तोवर काय?"

"तोवर फुकटवाली. उद्याचा रविवार गेला की परवा सोमवार."

तो गेल्यावर रेणूनं दार लावून घेतलं आणि लिमिटची रचना पहिल्यापासून मांडली. इतके दिवस ती एकच आकडा फिरवत होती: सेकंदाला किती. खरा फरक तिथं नव्हताच. माणसं एकदम येतात आणि थांबतात. कीड एकदम येते आणि थांबत नाही. तेव्हा मोजायचं ते पहिल्या सेकंदाला नाही, त्यानंतर. तिनं प्रत्येक पत्त्याला साठा दिला. गप्प बसलात की साठा भरत राहील, एकदम आलात तर साठ्यातून घ्या, चार हजारांपर्यंत घ्या. साठा संपल्यावर मात्र पुन्हा सेकंदाला वीसच. आणि गप्प करायची शिक्षा तिनं काढून टाकली. विसाच्या वरच्या विचारणा सोडून द्यायच्या, पण पहिल्या विसांना उत्तर द्यायचंच. कॅमेऱ्याला कीड लागली तरी साठा काही क्षणांत संपेल आणि तो विसावर येऊन बसेल. त्यानं पेटी मरणार नाही.

मग तिनं कल्याणला फोन केला आणि पाळ्या मोडायला सांगितलं. कल्याणला वाईट वाटलं. "बराबर बसल्या होत्या आता," तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी ती अंगदला मोटारसायकलवर बसवून वस्तीवर घेऊन गेली. म्हणजे मोटारसायकल त्यानं चालवली, पण न्यायचं काम तिचं होतं. ओट्यावर पोचल्यावर त्यानं सगळीकडचे अँटेने मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिलं.

दुर्गाबाईंनी स्टूल ओढलं, बटण बंद केलं, दिवा लावला. वस्ती दारात उभी राहिली. दिवा शांत झाल्यावर त्या पुन्हा चढल्या. बटण दाबलं. रेणूच्या मोबाईलवर साठा धबधब्यासारखा खाली आला, निम्म्यावर आला, तिथं रेंगाळला आणि पुन्हा भरू लागला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि फोनमधून तीन-चार गाणी एकदम वाजू लागली. नेट चालू झालं की कुणी चालू झालं असं म्हणत नाही. अंगदला हे रेणूपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आलं," रेणूच म्हणाली.

"आलं," अंगद म्हणाला. "पण मला एक सांग. फुकटवाली लावली असती तरी आलंच असतं का न्हाई?"

रेणूनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही, आणि या विषयात तर अजिबात नाही. "बहुतेक आलं असतं."

"मंग? तुझं काम चांगलंच हाये, मी न्हाई कुठं म्हणतो? पण रोज आकडे फिरवायचे, वस्त्या हिंडायच्या. कशासाठी? जे फुकट भेटतं तेच करण्यासाठी?"

पेटीनं परीक्षा दिली होती, पास झाली होती आणि तरीही बंद होणार होती. सोमवार दुसऱ्या दिवशी होता.

दुर्गाबाई अजून स्टुलावरच होत्या. चढताना त्यांना एकवेळ जमायचं, उतरताना गुडघा अडायचा. कल्याणनं हात दिला. खाली उतरल्यावर त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "ए नेटवाल्या. एक काम कर. हे मशीन तिन्हीसांजेला आपलं आपण बंद होईल असं करून दे. मला आता चढवत न्हाई."

"त्याला टायमर लावा, मावशी. प्लगला."

"टायमर काय करील? सूर्य रोज येगळा मावळतो. कालच्यापेक्षा आज उशिरा मावळला. टायमरला कळतं का ते?"

रेणू पुढं झाली.

"मावशी, मशीन चालूच राहू द्या. माझ्या पेटीला मी सांगू शकते. या पत्त्याला सूर्य मावळल्यापासून अर्धा तास शून्य. त्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं न्हाई. पंचांगातल्या वेळा मी वर्षभराच्या भरून ठेवते."

"मंग काहीच चालायचं न्हाई ना?"

"एक अडचण हाये. आधीपासून चालू असलेलं तुटत न्हाई. कुणी फोनवर मुलाशी बोलत असंल तर बोलणं चालू राहतं. नवीन मात्र काही उघडत न्हाई."

ओट्यावरची पोरं आशेनं बघत होती.

"बराबर हाये," दुर्गाबाई म्हणाल्या. "तिन्हीसांजेला घरात बसलेल्या पाहुण्याला कुणी हाकलत न्हाई. नवीन काही द्यायचं नसतं, एवढंच. आणि दिवा मी अर्ध्या तासाचंच तेल घालून लावीन."

रेणूनं आणखी एक फायदा सांगितला, तो तिच्या धंद्याचा होता. बटण दाबलं की सगळे फोन एकाच क्षणी उठतात. पेटीतून मोकळं केलं तर तसं होत नाही. प्रत्येक फोन आपापल्या वेळेनं पुन्हा विचारतो, कुणी आत्ता, कुणी थोड्या वेळानं. गर्दीच होत नाही.

अंगद ऐकत होता. परत येताना रस्त्यावर त्यानं गाडी हळू केली.

"हे फुकटवालीत होतं का?"

"काय?"

"सूर्य मावळायचं."

"न्हाई. ते सर्व्हर जगाचे हायेत. जगात कुठं ना कुठं सूर्य मावळतच असतो."

अंगदनं गाडी जोरात सोडली.

सोमवारी पेटी चालूच होती, आणि कुणी तिचं नाव काढलं नाही. मंगळवारी अंगदच्या केबलवर, सिनेमाच्या खाली सरकणाऱ्या पट्टीत, ओळ दिसू लागली: "तिन्हीसांजेला नेट आपोआप बंद. ज्यांना पाहिजे त्यांनी कळवावे. मंठा तालुक्यात फक्त आमच्याकडे." रेणूला आधी विचारलेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात सोळा घरांनी मागणी केली. बहुतेक ठिकाणी फोन घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईनं केला आणि पोरांना नंतर कळलं. थोरल्या वस्तीवर वेगळ्या जोडण्यांचा विषय अंगदनं दोनदा काढला. दोन्ही वेळा दुर्गाबाईंनी त्याला ताकाचा तांब्या दिला, आणि तो ताक पिऊन परत आला. रेणूनं त्या एका पत्त्याचा साठा गुपचूप वाढवून ठेवला आहे. अंगदनं विचारलं तर ती सांगेल. त्यानं अजून विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गावातले एक गुरुजी खोलीवर आले. त्यांचा मुलगा दहावीला आहे. आपल्या घरची तिन्हीसांज दुपारी चारलाच सुरू करून ती रात्री दहापर्यंत न्यावी, अशी त्यांची विनंती होती. लेखी अर्ज द्यायचीही तयारी होती.

"गुरुजी, पेटीत पंचांगाच्या वेळा हायेत," रेणू म्हणाली.

"ते बदलता येत नाही का?"

"येतं. पण मंग मुलानं विचारलं की सूर्य दुपारी कसा मावळला, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागंल. भूगोल तुम्हीच शिकवता ना?"

गुरुजी चहा न घेता गेले. आसराबाई कोपऱ्यात आडव्या होत्या. कूस बदलताना त्यांनी एसी जरा कमी करायला सांगितला. रेणूनं केला नाही.